मानेगावचा दगड

फर्दापूरला जो प्रवासी उतरतो तो, त्याला स्वतःला त्याची जाणीव असो वा नसो, दगडासाठीच उतरतो. छत्रपती संभाजीनगरकडून अजिंठ्याचा घाट उतरून आलेला असो वा जळगावाकडून खानदेशची सपाटी ओलांडून आलेला असो, त्याच्या चित्तात पद्मपाणीच्या मुद्रेची आणि जातककथांतील राजपुत्रांची ओढ असते हे खरे. परंतु ती चित्रे ज्याच्या कुशीत दीड सहस्र वर्षांहून अधिक काळ राहिली तो अजिंठ्याच्या रांगेतील काळा कातळ नसता, तर ना विहार कोरले गेले असते, ना चैत्य, ना त्यांच्या भिंतींवर कुणा भिक्षूच्या समक्ष कुंचला फिरला असता. या गावाचे पोटही त्याच कातळावर भरते. फाट्यावर पाट्या मांडून बसलेली पोरे प्रवाशापुढे जे पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक धरतात ते याच कातळाच्या पोकळ्यांत वाढलेले असतात, आणि कोणती गारगोटी विहिरीच्या खोदकामात निघाली, कोणती खाणीतून आली, हे त्या पोरांना अचूक सांगता येते. दगडाची एवढी उपजत पारख असलेले गाव मराठी मुलखात दुसरे क्वचितच असेल, म्हणूनच एका दगडाची हकीकत मी या गावाच्या निमित्ताने सांगू इच्छितो.

हा दगड अजिंठ्याचा नव्हे, आणि पृथ्वीचाही नव्हे. २९ जून १८४३ रोजी, दिवसाउजेडी, तो तत्कालीन खानदेशातील एदलाबादजवळच्या मानेगाव या खेड्यात आकाशातून पडला. एदलाबाद म्हणजे आजचे मुक्ताईनगर. फर्दापूरपासून मानेगाव सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरांहून अधिक दूर नाही, आणि अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायाशी घोड्याच्या नालेसारखे वळण घेणारी वाघूर पुढे ज्या तापीला जाऊन मिळते, त्याच तापीच्या आणि तिच्या पूर्णेच्या खोऱ्यात ते वसले आहे. तिथीचा हिशेब केला तर तो आषाढ शुद्ध पक्षाचा आरंभ ठरतो. म्हणजे मृगाच्या पेरण्या उरकण्याचे, रानात माणसे असण्याचे दिवस. ज्या प्रदेशातील वारकरी आजही श्रद्धेने सांगतात की मुक्ताबाई याच तापीतीरी विजेच्या लोळात गुप्त झाली, त्या प्रदेशातील कष्टकऱ्याने आभाळातून दगड उतरताना पाहिला तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल याची कल्पना करता येते. त्याने तो उचलला, कुणाच्या तरी हाती दिला, आणि गावकीपासून सरकारदरबारापर्यंतच्या कोणत्या तरी वाटेने तो विद्वानांच्या मेजावर पोहोचला, एवढे मात्र निश्चित; कारण तो पोहोचला नसता तर आज मानेगावचे नाव जगातील प्रत्येक अशनीसूचीत छापलेले दिसले नसते.

होय, प्रत्येक सूचीत. मानेगाव हे नाव पॅरिस, व्हिएन्ना, लंडन, वॉशिंग्टन येथील भूवैज्ञानिकांना परिचित आहे. जळगाव जिल्ह्यातील शाळेत मात्र ते कोणत्या विद्यार्थ्याच्या कानी पडले असेल याची मला शंका वाटते. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मी कोणा एका कचेरीविरुद्ध करीत नसून आपणा सर्वांविरुद्ध, म्हणजे माझ्यासकट मराठी भाषकांच्या समाजाविरुद्ध करीत आहे.

आकाशातून दगड पडतात ही गोष्ट विद्येच्या माहेरघरांनी फार उशिरा मान्य केली. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातील अकादमींचे सदस्य शेतकऱ्यांच्या अशा साक्षींना भ्रम समजत असत. १७९४ साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाड्नी याने असे दगड अंतराळातून येतात असे ग्रंथ लिहून प्रतिपादन केले तेव्हा त्याला फार थोडे पाठीराखे मिळाले. आणि १८०३ साली फ्रान्समधील लेग्ल गावी दगडांचा वर्षाव झाला, बिओ या तरुण शास्त्रज्ञाने गावोगाव फिरून साध्या माणसांचे जबाब नोंदले, त्यानंतर कोठे विद्वत्सभेचे मत पालटले. या वादात हिंदुस्थानचा वाटा मोठा आहे. १७९८ च्या डिसेंबरात काशीजवळ पडलेल्या दगडाचे तुकडे लंडनला गेले, आणि १८०२ साली एडवर्ड हॉवर्ड याने त्यांचे रासायनिक पृथक्करण करून दाखवून दिले की दूरदूरच्या देशांत पडलेले हे दगड परस्परांशी मिळतेजुळते असून भोवतालच्या भूमीशी त्यांचे काही नाते नाही. काशीच्या आणि लेग्लच्या गावकऱ्यांनी जे डोळ्यांनी पाहिले होते ते शास्त्राला शिरसावंद्य मानावे लागले. पुढे अशनींच्या एका प्रकाराला हॉवर्डच्याच नावावरून ‘हॉवर्डाइट’ म्हणण्याचा प्रघात पडला, आणि योगायोग असा की मानेगावचा दगड त्याच कुळातील निघाला.

ते कूळ कोणते हे सांगण्यापूर्वी त्या दगडाची देहयष्टी सांगितली पाहिजे. जगातील संग्रहांत त्याचे जे अंश नोंदलेले आहेत ते सारे मिळून पन्नास ग्रॅमही भरत नाहीत. म्हणजे मुठीत लपेल, लहान लिंबाहून जड नसेल, एवढाच तो आज उरला आहे. परंतु ब्रिटिश म्युझियमच्या खनिजविभागाचा प्रमुख नेव्हिल स्टोरी-मॅस्कलिन याने त्या चिमूटभर ऐवजाची सूक्ष्मदर्शकाखाली आणि रसायनशाळेत इतक्या निष्ठेने तपासणी केली की अशनींतील खनिजांवर त्याने १८७० च्या सुमारास रॉयल सोसायटीपुढे जे प्रबंध मांडले त्यांत मानेगावचे नाव बंगालच्या बांकुड्यातील शालका या दगडाच्या नावाशेजारी कायमचे जाऊन बसले. दोन्ही दगड जवळजवळ सर्वांशाने एकाच खनिजाचे, मॅग्नेशियम, लोह आणि सिलिका यांच्या संयोगाने बनणाऱ्या ऑर्थोपायरॉक्सीनचे आहेत. अशा दगडांना आज ‘डायोजेनाइट’ म्हणतात. आकाशातील दगडांविषयी इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात ज्याने विचार मांडला त्या अपोलोनियाच्या डायोजेनीस या ग्रीक तत्त्वज्ञाचे स्मरण त्या नावात आहे. पडताना प्रत्यक्ष पाहिले गेलेले डायोजेनाइट साऱ्या जगात मोजकेच आहेत, आणि त्यांतील एक खानदेशच्या मातीत पडला आहे.

आता कुळाविषयी. मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमध्ये लघुग्रहांचा जो विस्तीर्ण पट्टा आहे त्याच्या आतल्या बाजूला, सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे सव्वादोन ते अडीच पट अंतरावर, पाषाणी लघुग्रहांची दाटी आहे. बाहेरच्या बाजूला कार्बनयुक्त, कोळशासारखे काळेभोर पिंड अधिक, आणि आत उजळ, सिलिकाप्रधान, ऑलिव्हिन आणि पायरॉक्सीन यांनी घडलेले. या आतल्या वस्तीचा नायक व्हेस्टा होय. २९ मार्च १८०७ रोजी ब्रेमेनचा वैद्य-ज्योतिर्विद ओल्बर्स याला तो दिसला. त्याचा सरासरी व्यास सुमारे ५२५ किलोमीटर असून सूर्याभोवती एक फेरा करण्यास त्याला तीन वर्षे आणि साडेसात महिने लागतात. सर्व लघुग्रहांत तो सर्वांत तेजस्वी असल्याने, जेव्हा तो पृथ्वीच्या जवळ येतो तेव्हा निरभ्र आणि काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांना, अगदी अंधुकसा का होईना, दिसू शकतो. १९७० साली त्याच्या प्रकाशाचे वर्णपटलेखन झाले आणि तो प्रकाश मानेगावच्या दगडाच्या भावकीतील अशनींच्या प्रकाशाशी जुळला. १९९३ साली असे आढळले की व्हेस्टाच्या भोवताली, त्याच्याच रंगरूपाचे, काही किलोमीटर व्यासाचे कितीतरी बारके पाषाणी लघुग्रह विखुरलेले असून त्यांची रांग थेट पट्ट्याच्या अशा एका सीमेपर्यंत पोहोचते की जेथून पृथ्वीकडे येण्याची वाट सुटते. २०११ च्या जुलैपासून २०१२ च्या सप्टेंबरपर्यंत ‘डॉन’ हे यान व्हेस्टाभोवती फिरले, आणि त्याने दक्षिण ध्रुवावरील ते प्रचंड आघातविवर निरखले, ज्याची रुंदी खुद्द व्हेस्टाच्या व्यासाला टेकते. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या त्या एका आघाताने व्हेस्टाचे कवच फुटले, त्याच्या खोल थरांतील दगड उधळले गेले, आणि त्या उधळणीतून ते बारके लघुग्रह जन्मले. मानेगावचा दगड अशाच एखाद्या छोट्या, अनाम पाषाणी लघुग्रहाचा कपचा असला पाहिजे, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

तो येथवर आला कसा, याचे उत्तर मला विज्ञानातील सर्वांत काव्यमय उत्तरांपैकी एक वाटते. लहान पिंड दिवसा उन्हाने तापतो आणि स्वतःभोवती फिरत असल्याने ती उष्णता संध्याकाळच्या बाजूने बाहेर टाकतो. त्या टाकण्याचा अत्यंत सूक्ष्म रेटा त्याला उलट बाजूस बसतो. यार्कोव्हस्की नावाच्या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी सुचविलेला हा परिणाम एका दिवसाच्या हिशेबात शून्यवत असला तरी कोट्यवधी वर्षांच्या जमाखर्चात तो एवढा साचतो की पिंडाची कक्षाच सरकते. सरकत सरकत तो अशा ठिकाणी येतो, जेथे गुरूचा एक फेरा होतो तोवर याचे बरोबर तीन फेरे होतात. नागपंचमीच्या झोक्याला ठरलेल्या क्षणी हात लागत गेला की तो जसा उंच उंच जातो, तसा गुरूच्या नियमित ओढीने त्या पिंडाचा मार्ग लांबट होत जातो आणि अखेरीस पृथ्वीच्या मार्गाला छेदतो. डॅनियल कर्कवूड या अमेरिकन गणितज्ञाने १८६६ साली पट्ट्यात अशा रिकाम्या पट्ट्या दाखवून दिल्या होत्या. त्या रिकाम्या आहेत याचे कारण हेच की तेथे गेलेले पिंड तेथे टिकत नाहीत. मानेगावच्या त्या दगडाने उन्हाचा हा हलका रेटा सोसत, गुरूचे झोके घेत आषाढातील त्या दिवसापर्यंत मजल मारली. ज्या दगडापासून तो फुटला ते व्हेस्टाचे कवच साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी थिजले. ज्या काळ्या कातळाच्या प्रदेशात तो पडला तो दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. व्हेस्टाच्या पृष्ठावर जो दगड मुख्यतः आहे तोही बेसॉल्टच, म्हणजे अजिंठ्याच्या कातळाचाच वडीलभाऊ. खानदेशच्या शेतकऱ्याने त्या दिवशी परका दगड उचलला खरा. पण तो परका असूनही आपल्या गोत्रातला होता.

येथे मला १८४३ या सालापाशी पुन्हा थांबावेसे वाटते. त्याच वर्षाच्या अखेरीस जेम्स फर्ग्युसनने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे हिंदुस्थानातील कोरीव लेण्यांवरचा आपला निबंध वाचला आणि अजिंठ्याची चित्रे नष्ट होत आहेत, काही तजवीज झाली पाहिजे, अशी हाक दिली. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या अधिकाऱ्याच्या नजरेस लेणी पडल्यापासून चोवीस वर्षे लोटली होती. त्या हाकेचा परिणाम म्हणून १८४४ साली कंपनी सरकारने रॉबर्ट गिल याची नेमणूक केली. त्याने अजिंठा गावी मुक्काम ठोकून वर्षानुवर्षे प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुसंख्य १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, तरी तो या मुलखातून गेला नाही, आणि १८७९ साली वारल्यावर त्याला भुसावळला मूठमाती मिळाली. पुढे लेडी हेरिंगहॅम आल्या; फर्दापूरला तळ देऊन त्यांनी आणि नंदलाल बसू, असितकुमार हालदार यांसारख्या तरुण चित्रकारांनी १९०९ ते १९११ या काळात नव्या प्रती केल्या. निजाम सरकारने पुराणवस्तुखाते स्थापून गुलाम यझदानी यांच्यावर ते सोपविले, १९२० साली इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे जीर्णोद्धारक आणविले, आणि यझदानींचे सचित्र खंड प्रसिद्ध केले. अजिंठ्याच्या दगडाला त्या एका वर्षी कोणी तरी वाली मिळाला आणि तेव्हापासून आजतागायत, कमीअधिक प्रमाणात, त्याचा सांभाळ करणारे दप्तर कधी मिटले नाही.

त्याच वर्षी त्याच प्रांतात पडलेल्या दुसऱ्या दगडाला वाली मिळाला तो परदेशी. त्याने त्याचा अभ्यास उत्तम केला याबद्दल त्याचे ऋण मान्यच केले पाहिजे, परंतु त्या दगडाचा मायभूमीशी असलेला संबंध मात्र सूचीतील एका ओळीपुरता उरला. हा भेद मला लागतो. अजिंठ्याचा कातळ मानवी हाताने पावन झाला म्हणून आपण त्याला मानतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्या दगडावर कोणाची छिन्नी पडली नाही, ज्याला फक्त सूर्याचे ऊन आणि गुरूची ओढ यांनी घडविले आणि पाठविले, तो आपल्या अंगणात उतरला असता त्याची आठवणही न ठेवणे हे आपल्या संस्कृतीला शोभणारे नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांना ही दृष्टी होती असे मला वाटते. त्यांच्या भिंतींवरील हिरवा रंग येथल्याच कातळातील हिरव्या मातीचा आणि निळा रंग बदख्शानच्या डोंगरांतून आलेल्या लाजवर्दी पाषाणाचा. जवळचा दगड आणि दूरचा दगड यांना त्यांनी एकाच भिंतीवर शेजारी बसविले.

खानदेश-विदर्भाच्या या पट्ट्यात आकाशाने एकदाच भेट दिली असेही नाही. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल गावावर अशनींचा वर्षाव झाला. लोकांनी तुकडे गोळा केले, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अधिकारी तेथे गेले, आणि पुढे त्या दगडातील आघाताने वितळलेल्या शिरांमध्ये ब्रिजमनाइट हे, पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असणारे खनिज सापडल्याने काटोलचे नाव जगभरच्या नियतकालिकांत पोहोचले. काटोलचा दगड ‘एल’ वर्गाचा, सर्वसामान्य पाषाणी अशनी. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या वर्गाच्या अशनींचे मूळ मॅसालिया या पाषाणी लघुग्रहाच्या परिवारात आहे, आणि मॅसालियाही त्याच आतल्या पट्ट्यातील, व्हेस्टाचा शेजारी. १८५२ च्या सप्टेंबरात नेपल्सहून गॅस्पारिस याला आणि दुसऱ्याच रात्री मार्सेय येथून शाकोर्नाक याला तो दिसला होता. मराठी मुलखाच्या एका टोकाला मानेगाव, दुसऱ्या टोकाला काटोल, आणि दोहोंचे माहेर आकाशाच्या एकाच आळीत! आणि मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहेच, जेथे दख्खनच्या कातळावर आघात होऊन पावणेदोन किलोमीटरांहून अधिक रुंद विवर पडले. लोणारला विवर राहिले आणि ते पाडणारा पाषाण वितळून-वाफाळून गेला. मानेगावला पाषाण राहिला, खळगा राहिला नाही. लोणारला जाणारा रस्ता आज सर्वांना ठाऊक आहे, याचा मला आनंदच आहे.

कोणी म्हणेल, लघुग्रहांचा आणि आमचा संबंध काय. ही पाश्चात्त्यांची विद्या. हे विधान इतिहासाला धरून नाही. १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉग्सनने जो लघुग्रह शोधला आणि ज्याला या खंडावरून ‘एशिया’ हे नाव दिले, तो आशिया खंडातून सापडलेला पहिला लघुग्रह होय; तोही पाषाणी, तोही आतल्या पट्ट्यातला. फर्दापूर ज्या निजामी अंमलात होते त्या राज्यात नवाब जफर जंग यांनी स्थापलेल्या निजामिया वेधशाळेने साऱ्या जगाच्या सहकार्याने चाललेल्या आकाशाच्या छायाचित्रण-सूचीत आपल्या वाट्याचा पट्टा, लाखो ताऱ्यांच्या स्थानांची नोंद करून, पुरा केला. महसुलाची जमाबंदी व्हावी तशी ही आकाशाची जमाबंदी होती, आणि ती निष्ठेने झाली. इकडे पुण्यास नायगमवाला यांनी १८८८ पासून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा चालविली, शं. बा. दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला, व्यं. बा. केतकरांनी ग्रहगणिताचे ग्रंथ रचले आणि नेपच्यूनपलीकडील ग्रहाविषयीचे आपले गणित १९११ साली फ्रेंच नियतकालिकातून जगापुढे ठेवले. आणि आजची गोष्ट सांगायची तर, कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांनी कॅलिफोर्नियात पालोमार पर्वतावर आकाशाची जी अखंड पाहणी उभी केली, तिच्याच छायाचित्रांतून मुंबईच्या आयआयटीतील दोन विद्यार्थ्यांनी २०२० च्या ऑगस्टमध्ये एक अगदी छोटा, तीन ते सहा मीटरांचा लघुग्रह हुडकून काढला, जो १६ ऑगस्टला दक्षिण हिंदी महासागरावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीवरून निघून गेला होता. तोवर इतक्या जवळून जाऊनही न पडलेला दुसरा लघुग्रह कोणाच्या नोंदीत नव्हता. ज्या समाजाची मुले हे करू शकतात त्या समाजाला मानेगाव माहीत नसावे, याचे दुःख म्हणूनच अधिक होते.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. फर्दापूरला जपानच्या कर्जसाहाय्याने बांधलेले अभ्यागत केंद्र आहे. २०१३ साली ते खुले झाले, त्यात लेण्यांच्या प्रतिकृती उभारल्या गेल्या, आणि काही वर्षांतच वीज-पाण्याच्या थकबाकीपायी त्याच्या दाराला कुलूप लागलेलेही या परिसराने पाहिले. एवढी इमारत ज्या शासनाने उभी केली त्याला तिच्यातील एक दालन दगडासाठी राखणे अवघड नाही. त्या दालनात अजिंठ्याचा कातळ असावा, फाट्यावरची पोरे विकतात ते स्फटिक त्यांच्या मराठी नावांनिशी असावेत, लोणारची आघातकाच असावी, काटोलचा एखादा तुकडा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडून रीतसर मागून आणलेला असावा, आणि मध्यभागी मानेगावचा दगड असावा. संपूर्ण दगड परत द्या असा दावा मी लंडनवर लावीत नाही. शास्त्राच्या संग्रहात तो सुरक्षित आहे आणि तेथे त्याच्यावर काम होते. परंतु गव्हाच्या दाण्याएवढा कपचा दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर आणता येतो, निदान हुबेहूब साचा घेता येतो, आणि तेवढ्यासाठी दोन सरकारांमध्ये पत्रव्यवहार व्हावा इतकी ही वस्तू खचित मोलाची आहे.

मानेगाव जळगाव जिल्ह्यात, मग दालन फर्दापूरला का, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मानेगावी आणि मुक्ताईनगरला दगडाची पाटी लागलीच पाहिजे. मुक्ताईच्या दर्शनाला येणारा वारकरी ती वाचील आणि तिचे मोल त्याला कोणी समजावून सांगावे लागणार नाही. पण देशोदेशीचा प्रवासी अजिंठ्यासाठी जेथे मुक्काम करतो ते गाव फर्दापूर आहे. लेणी सायंकाळी बंद होतात, सोमवारी उघडतच नाहीत, आणि त्या रिकाम्या वेळी येथे करण्यासारखे फारसे काही नसते. मी या गावी कित्येक रात्री काढल्या आहेत. डोंगराच्या आड गेलेली वस्ती, वर्दळ ओसरलेला रस्ता, आणि पावसाळा सोडला तर वर्षातील बहुतेक रात्री वर एवढे स्वच्छ आकाश की व्हेस्टा उजळलेला असेल त्या ऋतूत दुर्बीण न लावताही तो दाखविता यावा. ज्याने दिवसा दगडातील चित्रे पाहिली त्याला रात्री दगडाचे माहेर दाखविण्याची सोय दुसऱ्या कोणत्या गावी आहे? त्यासाठी हॉटेलांनी आणि रस्त्यांनी आपले दिवे खाली वळविले, आभाळाकडे उधळले नाहीत, एवढे पथ्य पुरे.

आणखी एक तरतूद मला या दालनाहूनही निकडीची वाटते. आकाशातून पडलेला दगड काही दिवसांत पावसाने, हाताळणीने आणि लोभाने बिघडतो. अशनींचा व्यापार आज जगभर चालतो आणि गावात पडलेला तुकडा दोन दिवसांत शहरातील दलालाकडे जाऊ शकतो. देशात पडलेल्या अशनींचा अधिकृत सांभाळ भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे, पण हे गावच्या पाटलाला, कोतवालाला, तलाठ्याला कोणी सांगितले आहे काय? वीज पडून जनावर दगावले तर पंचनामा कसा करावा हे प्रत्येक तलाठ्याला ठाऊक असते. तसाच एक साधा मराठी हुकूम प्रत्येक तहसील कचेरीतून निघावा: दगड पडल्याची खबर आली तर जागा आणि वेळ टिपावी, आवाज कोणकोणत्या गावी ऐकू आला ते विचारावे, दगड पाण्याने धुऊ नये, लोहचुंबक लावू नये, स्वच्छ कोरड्या कागदात किंवा पिशवीत ठेवावा, ज्याला सापडला त्याचे नाव सन्मानाने नोंदावे आणि वर कळवावे. १८४३ साली मानेगावात तो दगड कोणी उचलला त्याचे नाव कोणत्याही सूचीत नाही. यापुढे पडणाऱ्या दगडाच्या बाबतीत तरी असे होऊ नये.

राहिली दालनातील पाटी. लंडनच्या जुन्या सूचीत या दगडाचे नाव ‘मानेगाम’ असे, परक्या कानाने ऐकलेल्या उच्चारानुसार पडले आहे, आणि शास्त्रीय वाङ्मयात ते दीडशे वर्षे त्याही रूपात वावरले. फर्दापूरच्या पाटीवर ते येथल्या उच्चाराने लिहावे: मानेगाव, तालुका मुक्ताईनगर, जिल्हा जळगाव, पडल्याचा दिवस २९ जून १८४३, आषाढ शुद्ध पक्ष, जात डायोजेनाइट, माहेर व्हेस्टा. खाली, फाट्यावरची पोरे वाचू शकतील एवढ्या मोठ्या अक्षरांत, तो उचलणाऱ्या खानदेशी माणसासाठी एक ओळ कोरी सोडावी.